‘गेम’ : मौज, सावज आणि जुगार

‘गेम’ हा इंग्रजी शब्द हजार वर्षांहून जुना आहे. सुरुवातीच्या काळात नियम, गुण किंवा हारजीत यांच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘गामेन’ असे होते आणि अर्थ होता मौज, आनंद, करमणूक. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यात राजाच्या सभागृहात मेजवानी रंगात आलेली असताना चारण जे तंतुवाद्य वाजवतो, त्याला ‘गोमेनवुडू’ म्हणजे मौजेचे लाकूड म्हटले आहे. तिथे कोणाची कोणाशी चढाओढ नाही. चारणाने गावे आणि योद्ध्यांनी पेले हाती धरून ऐकावे, एवढाच तो ‘गामेन’. जर्मन कुळातल्या इतर जुन्या भाषांतही याच अर्थाचे सगोत्र शब्द सापडतात.

पुढे शब्दाचे शेपूट गळाले. त्या काळच्या इंग्रजीत ‘एन’ हा क्रियापदांना आणि अनेकवचनांना लागणारा प्रत्यय होता. ‘गामेन’च्या शेवटी असलेला ‘एन’ही तसाच प्रत्यय असावा अशी लोकांची समजूत झाली आणि तो बोलण्यातून निघून गेला. जुने रूप एका कोपऱ्यात मात्र शिल्लक आहे. फासे आणि सोंगट्यांच्या ‘बॅकगॅमन’ या खेळाच्या नावातला उत्तरार्ध म्हणजे तोच ‘गामेन’. मराठीत तक्तेनरद नावाने जो खेळ ओळखला जाई, त्याच जातीचा हा खेळ.

तेराव्या-चौदाव्या शतकात शब्दाला फाटे फुटू लागले. नियमांनी बांधलेला खेळ, थट्टामस्करी, प्रणयक्रीडा आणि इ.स. १३०० च्या सुमारास शिकारीचे जनावर असे वेगवेगळे अर्थ एकाच शब्दावर येऊन बसले. एका शब्दाला अनेक अर्थ असणे नवलाचे नाही. पण ‘गेम’च्या बाबतीत हे अर्थ एकमेकांपासून दूर ढकलण्यात बोलणाऱ्यांइतकाच कायदे करणाऱ्यांचाही हात आहे. मौज कोणी करायची, कोणत्या दिवशी, कोणाच्या परवानगीने आणि किती उत्पन्नावर, हे इंग्लंडच्या पार्लमेंटने पाचशे वर्षे ठरवले. शब्दाचे दोन मोठे अर्थ, एक सावजाचा आणि दुसरा जुगाराचा, त्या कायद्यांच्या छायेतच वाढले.

सावजाची कथा १०६६ मधल्या नॉर्मन आक्रमणापासून सुरू होते. विजेता विल्यम शिकारीचा विलक्षण शौकीन होता. त्याने इंग्लंडमधले विस्तीर्ण टापू राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले. दक्षिण इंग्लंडमधले ‘न्यू फॉरेस्ट’ हे अरण्य १०७९ च्या सुमाराचे. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ झाडी असा नव्हता. जिथे राजाचा वनकायदा चालतो ती जमीन म्हणजे फॉरेस्ट, मग तिच्यावर माळरान असो की गावे. या कायद्याने हरणे आणि त्यांच्या चाऱ्यापुरती हिरवळ राजाची ठरली, आणि ती तोडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला अंगच्छेदापर्यंतच्या शिक्षा होत. १२१७ च्या ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ या सनदेने राजाच्या हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही असे कबूल केले. मॅग्ना कार्टाइतका गाजावाजा या सनदेचा कधी झाला नाही, पण सामान्य कुणब्याच्या दृष्टीने तीच अधिक कामाची होती.

नॉर्मनांनी शिकारीची सारी परिभाषा फ्रेंचमधून आणली. व्हेनिसन, पार्क, चेस हे शब्द त्यांचे. मारल्या जाणाऱ्या प्राण्यांना मात्र देशी ‘गेम’ हाच शब्द चिकटला. शिकार ही मौज, म्हणून शिकारीत सापडणारे जनावरही मौजच. पारध ‘खेळणे’ हा प्रयोग मराठीला अपरिचित नाही. इंग्रजीने त्यापुढे एक पाऊल टाकून खेळाचे नाव थेट सावजालाच देऊन टाकले.

शिकारीवर वर्गाची मोहोर उमटली ती १३९० च्या सुमारास. १३८१ मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी मोठे बंड केले होते आणि जमीनदारांच्या मनातली भीती अजून ओसरली नव्हती. दुसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने केलेल्या कायद्याच्या प्रस्तावनेत तक्रार अशी आहे की सणाच्या दिवशी भले लोक चर्चमध्ये असताना मजूर आणि कारागीर कुत्री घेऊन शिकारीला जातात आणि त्या निमित्ताने जमून राजाविरुद्ध मसलती करतात. म्हणून वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाने शिकारी कुत्री, जाळी वगैरे बाळगू नये असे ठरले. सशांची काळजी हे निमित्त होते. हातात कुत्रे आणि शस्त्र घेऊन रानात जमलेली माणसे, हा खरा धसका होता.

या परंपरेचा कळस म्हणजे १६७१ चा ‘गेम अ‍ॅक्ट’. शिकारीचा हक्क आता वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन किंवा १५० पौंडांचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असलेल्यांपुरता, तसेच एस्क्वायर व त्यावरच्या दर्जाच्या माणसांच्या ज्येष्ठ पुत्रांपुरता मर्यादित झाला. पार्लमेंटच्या निवडणुकीत परगण्याच्या मतदाराला ४० शिलिंगांची जमीन पुरत असे. म्हणजे मत देण्यापेक्षा तितर मारायला पन्नास पट मालमत्ता लागत होती. हा हिशेब अठराव्या शतकातला ख्यातनाम कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने मांडला आणि पुढे सुधारणावाद्यांनी तो शस्त्रासारखा वापरला.

या कायद्यातली गोम अशी की ‘गेम’ ही कोणाच्याच मालकीची वस्तू नव्हती. हरणे आणि ससुले कुंपणाच्या उद्यानांत पाळली जात, त्यामुळे ती मालमत्ता ठरून या व्याख्येबाहेर गेली. उरले ते रानससा, तितर, फेझंट आणि माळावरचे ग्राउस पक्षी. ते कोणाच्याही शेतातून कोणाच्याही शेतात जात. वर्षाला ८० पौंड उत्पन्न असलेल्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात रानससा उभे पीक खात असला, तरी त्याला मारणे गुन्हा होता. उलट लायक ठरलेल्या सरदारपुत्राला तोच ससा मारण्याचा हक्क होता. मॅनरच्या जमीनदाराने नेमलेला ‘गेमकीपर’ वॉरंट घेऊन कोणाही नालायक माणसाच्या घरात शिरून बंदुका, जाळी आणि ग्रेहाउंड कुत्री शोधू शकत असे आणि जप्त करू शकत असे. ‘नालायक’ हा इथे शिवीचा शब्द नव्हे. कायद्याची भाषाच लायक आणि बिनलायक अशी होती. १७०७ च्या कायद्याने दर गुन्ह्याला पाच पौंड दंड आणि तो भरता आला नाही तर तीन महिने कैद अशी शिक्षा ठेवली. पाच पौंड ही शेतमजुराची काही महिन्यांची मजुरी. खटला चाले तो एकट्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ या स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे, जो बहुधा स्वतःच शिकारी जमीनदार असे.

१७५५ मध्ये ‘गेम’ विकायला सरसकट बंदी झाली. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. लंडनच्या व्यापाऱ्याकडे पैसा होता, पण जेवणाच्या टेबलावर फेझंट मांडायचा तर एखाद्या जमीनदाराची मैत्री असावी लागे, कारण हे मांस फक्त भेट म्हणून मिळे. ज्याला भेट मिळत नसे तो चोरबाजाराकडे वळे. टपालगाड्यांचे गाडीवान आणि खाणावळींचे मालक खेड्यातून चोरून मारलेले पक्षी टोपल्यांत दडवून शहरात आणत आणि लेडनहॉल बाजारातले कोंबडीविक्रेते ते ठरलेल्या गिऱ्हाइकांना गुपचूप देत. १८१८ मध्ये विकत घेणेही गुन्हा ठरवून पाहिले, पण धंदा थांबला नाही. चोरट्या शिकाऱ्यांच्या टोळ्या वाढल्या आणि त्यांच्या व गेमकीपरांच्या रात्रीच्या चकमकींत दोन्ही बाजूंची माणसे मरू लागली.

शिक्षा या काळात कडक होत गेल्या. १७२३ च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ने तोंडाला काळे फासून हरणे चोरणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. हा कायदा मोठ्या अंशाने रद्द व्हायला १८२३ साल उजाडले. जमीनदार रानात ‘स्प्रिंग गन’ लावून ठेवत. जमिनीलगत ताणलेल्या तारेला पाय लागला की बंदूक आपोआप सुटे. चोर, वाट चुकलेले मूल आणि फुले वेचायला गेलेला वाटसरू यांत तिला फरक करता येत नसे. १८२७ मध्ये या बंदुका आणि माणसाचा पाय पकडणारे लोखंडी सापळे बेकायदा झाले. दुसऱ्याच वर्षी आलेल्या रात्रीच्या शिकारचोरीविरुद्धच्या कायद्यात तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे आणि शस्त्रे घेऊन टोळीने गेल्यास चौदा वर्षांपर्यंत काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाला पाठवण्याची, तरतूद होती. सशासाठी समुद्रापार गेलेल्या माणसांचे वंशज आजही तिकडे आहेत.

१८३१ च्या ‘गेम अ‍ॅक्ट’ने मालमत्तेची अट काढून टाकली. परवाना काढील त्याला शिकार करता येऊ लागली आणि परवानाधारक दुकानदाराला ती विकताही येऊ लागली. या कायद्याने ‘गेम’ म्हणजे काय याची यादीही दिली: रानससे, फेझंट, तितर, ग्राउस व त्यांचे माळरानी भाऊबंद आणि बस्टर्ड. यातले शेवटचे नाव मराठी वाचकाने थांबून वाचावे असे आहे, कारण बस्टर्ड म्हणजे माळढोकाच्या कुळातला पक्षी. यादीत त्याला संरक्षित हंगाम मिळाला, पण फार उशीर झाला होता. इंग्लंडमधल्या त्याच्या विणीची शेवटची नोंद १८३२ ची आहे. त्याच सुमारास दख्खनच्या माळांवर इंग्रज अधिकारी माळढोक टिपत होते. अहमदनगर भागात मॅन्सफिल्ड नावाच्या एकाच शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नऊशेहून अधिक माळढोक मारल्याची नोंद आहे. या संख्येकडे पाहिले की सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आज माळढोक दिसणे दुर्मीळ का झाले, याचा एक धागा हाती लागतो. अर्थात दोष एकट्या बंदुकीचा नाही. शेती आणि कालव्यांनी माळच उरले नाहीत.

शब्दाची दुसरी मोठी शाखा जुगाराची. इथेही आधी कायदा दिसतो. १३८८ मध्ये पार्लमेंटने नोकरचाकर आणि मजुरांना रविवारी व सणावारी धनुष्यबाणाचा सराव करायला सांगितले आणि टेनिस, फुटबॉल, फासे वगैरे सोडून द्यायला सांगितले. फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि तिरंदाज हवे होते. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने हेच अधिक विस्ताराने सांगितले. कारागीर, शिकाऊ उमेदवार, नोकर, खलाशी यांनी पत्ते, फासे, टेनिस, बोल्स खेळू नयेत. अपवाद नाताळच्या दिवसांचा, आणि तोही मालकाच्या घरात किंवा त्याच्या डोळ्यांसमोर. पण वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असलेला गृहस्थ आपल्या आवारात नोकरांना हेच खेळ खेळायची मुभा देऊ शकत होता. सावजाच्या कायद्यात पुढे जो आकडा लायकीचा ठरला तोच इथेही दिसतो. फासे स्वतः पापी नव्हते. ते कोणाच्या हातात आहेत यावर पाप ठरत होते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘गेमिंग’ म्हणजे पैसे लावून खेळणे आणि ‘गेमस्टर’ म्हणजे जुगारी हे अर्थ रुळले. ‘गॅम्बल’ हा शब्द याच कुळातला असावा, पण तो अठराव्या शतकात भुरट्यांच्या बोलीतून वर आला. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ‘गॅम्बलर’ची नोंद घेतली ती काहीशा नाक मुरडूनच. हा ठगांच्या बोलीतला शब्द असावा, असे सांगून भोळ्या माणसांना खेळात ओढून फसवणारा लबाड, असा अर्थ त्याने दिला. तेव्हा ‘गेमिंग’ हा सभ्य माणसाचा नाद आणि ‘गॅम्बलिंग’ ही लुच्च्यांची करामत, अशी वाटणी होती. एकाच मुळाच्या दोन फांद्यांना समाजाने वेगवेगळ्या पंगतीत बसवले.

या दोन शाखांच्या मधोमध कोंबड्यांची झुंज येते. तिच्यात प्राणीही आहे आणि पैजही. झुंजीसाठी पैदास केलेल्या कोंबड्याला ‘गेमकॉक’ म्हणत. दोन कोंबडे वजन करून जोडीचे निवडायचे, त्यांच्या पायांच्या नैसर्गिक आरांवर पोलादाची किंवा चांदीची टोकदार आर चढवायची आणि गोल रिंगणात सोडायचे. रक्तबंबाळ होऊनही जो पाठ दाखवत नाही तो कोंबडा ‘गेम’. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे विशेषण माणसांना लागू लागले. फाशीच्या तख्तावर न डगमगता उभा राहिलेला गुन्हेगार ‘गेम’ मेला असे लंडनचा जमाव म्हणे. आज एखाद्या बेतासाठी तयार असलेला मित्र स्वतःला ‘गेम’ म्हणवतो तेव्हा त्यामागे हे रिंगण आहे. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये झुंजीचे अड्डे चालवणे बंद केले आणि १८४९ मध्ये झुंज लावणेच गुन्हा झाले. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, कोंबडबाजार अजून भरतात. कोंबड्याच्या पायाला बांधतात ती पात्यासारखी काती. पोलिसांची धाड पडते तेव्हा कारवाई बहुधा जुगारबंदीच्या कायद्याखाली होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शब्दाला नैतिक तेज चढले. इंग्लंडच्या निवासी पब्लिक स्कूलांत मुले आजूबाजूच्या रानात चोरून ससे मारत आणि गावकऱ्यांशी मारामाऱ्या करत. मार्लबरो, हॅरो अशा शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्यांना क्रिकेट-फुटबॉलच्या मैदानावर डांबले आणि ‘गेम्स’ हा सक्तीचा विषय झाला. शिस्तीची सोय म्हणून सुरू झालेल्या या प्रकारावर चारित्र्य घडवण्याचे तत्त्वज्ञान नंतर चढवण्यात आले, हे विसरले जाते. हे तत्त्वज्ञान मुंबईला पोहोचले ते अधिकारी आणि शाळामास्तर यांच्यामार्फत. १८८६ मध्ये पारशांचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारातून आणि दोराबजी टाटांच्या पाठबळावर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. मराठी शाळांतला ‘गेम्सचा तास’ याच प्रवाहातला.

साम्राज्यालाही खेळाचे नाव मिळाले. मध्य आशियात ब्रिटन आणि रशिया यांच्यात चाललेल्या डावपेचांना ‘ग्रेट गेम’ म्हणण्याचे श्रेय कॅप्टन आर्थर कॉनोली याला दिले जाते. १८४० मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने हा शब्द वापरला, आणि त्याच्या मनात हेरगिरीपेक्षा मध्य आशियाच्या सुधारणेचे उदात्त कार्य होते. दोन वर्षांनी बुखाऱ्याच्या अमिराने त्याचा शिरच्छेद केला. शब्द सर्वतोमुखी झाला तो मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ या कादंबरीमुळे.

हिंदुस्थानात ‘गेम’च्या दोन्ही शाखांवर एकाच वर्षी कायदे झाले हा योगायोग लक्षणीय आहे. १८८७ मध्ये मध्यवर्ती सरकारने रानपक्षी आणि ‘गेम’ यांच्या संरक्षणाचा कायदा केला. विणीच्या हंगामात पालिका आणि छावण्यांच्या हद्दीत मारलेले पक्षी बाळगण्या-विकण्यावर त्यामुळे बंदी घालता येऊ लागली. आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक कायदा आला. ‘कॉमन गेमिंग हाउस’ म्हणजे सार्वजनिक जुगार अड्डा ही त्यातली मध्यवर्ती कल्पना.

जुगाराच्या कायद्याला मुंबईने लगेच गुंगारा दिला. पावसाळ्यात शहरात पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या वेळात अमुक पन्हळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत आणि ढगांकडे पाहून भाव वरखाली होत. फासे, पत्ते अशी ‘जुगाराची साधने’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या कायद्यात पाऊस बसेना, कारण आभाळ जप्त करता येत नव्हते. १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरचा सट्टा कायद्याच्या कक्षेत आणावा लागला.

या कायद्यात एक सूट आहे आणि तिचे मूळ १८४५ च्या ब्रिटिश कायद्यात आहे. त्या कायद्याने आठव्या हेन्रीची बंदी निव्वळ कौशल्याच्या खेळांपुरती उठवली होती. ‘निव्वळ कौशल्याचा खेळ’ हा वाक्प्रयोग तिथून भारतीय कायद्यांत आला आणि पुढची दीडशे वर्षे न्यायालयांना पुरला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबईच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या खटल्यांत, १९६७ मध्ये रमीच्या आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या खटल्यात कौशल्य आणि नशीब यांचे माप काढले. रमी मुख्यतः कौशल्याची ठरली, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्ती तशी नाही. पाने वाटून घेणाऱ्याला हा फरक नेहमी पटतोच असे नाही.

सावजाच्या शाखेला इथे ‘बिग गेम’ हा नवा अर्थभार मिळाला. वाघ, बिबटे, गवे, अस्वले ही मोठी शिकार. तिचे शिष्टाचार इंग्लंडमधून आले: परवाना, हंगाम, मादी व पिल्लांना अभय, जखमी जनावराचा माग काढून त्याला संपवण्याची जबाबदारी. हे नियम पाळणारा ‘स्पोर्ट्समन’ आणि फास लावून पोटासाठी मारणारा चोर, अशी विभागणीही त्यांच्याबरोबर आली. फासेपारध्यांचा पिढीजात व्यवसाय तितर-लाव्यांना आणि काळविटांना फासात धरण्याचा. हाका घालून, मचाणावर बसून, वाघ टिपणाऱ्या साहेबाच्या नजरेत हा प्रकार अखिलाडू होता. हाक्यासाठी शे-दोनशे माणसे आणि रायफल वापरणे त्याला खिलाडूपणाचे वाटे. पुढे पारधी समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्याला इतरही कारणे होती, पण रानातला हक्क गमावणे हे त्यातले मोठे कारण. संस्थानिक मात्र दोन्ही परंपरा सांभाळत. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी काळवीट धरणारे शिकवलेले चित्ते होते. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. कोल्हापूर संस्थानाचे दाजीपूरचे राखीव शिकारी रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले.

स्वतंत्र भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही हा शब्द टिकून होता. त्याच्या परिशिष्टांत ‘स्पेशल गेम’, ‘बिग गेम’, ‘स्मॉल गेम’ असे वर्ग होते, परवाना घेऊन शिकार करता येत होती आणि ‘गेम रिझर्व्ह’ची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवाने, वर्ग आणि गेम रिझर्व्ह सगळेच काढून टाकले. प्राणी सावज उरला नाही, वन्यजीव झाला.

मुंबईच्या बोलीत मात्र शब्द रक्ताशी जोडलेला राहिला. एखाद्याचा ‘गेम करणे’ किंवा ‘गेम वाजवणे’ म्हणजे त्याला ठार मारणे. टोळीयुद्धांच्या काळात हा प्रयोग पोलिस आणि पत्रकारांच्या तोंडून मराठी वर्तमानपत्रांत आला. इंग्रजी सावजाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण डाव संपवणे हा अर्थ अधिक जवळचा आहे, आणि गोळी घालणाऱ्यांनी इंग्लंडचे शिकारी कायदे वाचले असण्याचा संभव कमी.

तत्त्वज्ञ आणि गणिती या शब्दाकडे विसाव्या शतकात वळले. १९५३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विटगेनस्टाइनने विचारले की पट, पत्ते, चेंडू, ऑलिंपिक या साऱ्या खेळांत समान असे नेमके काय आहे? त्याचे उत्तर असे की एकही गुण सर्वांत नाही. कुटुंबातल्या माणसांत जसे नाक एकाशी जुळते आणि चाल दुसऱ्याशी, तशी साम्ये इथे एकमेकांत गुंतलेली असतात. हा मुद्दा गाजला. पण तो मूळ जर्मन ‘श्पील’बद्दल बोलत होता, आणि ‘श्पील’मध्ये ससे-तितर येत नाहीत. जॉन फॉन नॉयमन याचा १९२८ चा पायाभूत निबंधही जर्मनमध्येच होता. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथापासून ‘गेम थिअरी’ हे नाव जगभर गेले. तिच्यात मौजेला जागाच नाही. डावपेच आणि लाभ-हानीचे कोष्टक एवढेच उरते.

‘गेमिंग’ या शब्दाची गंमत त्याहून अलीकडची. अमेरिकेतल्या जुगार-व्यवसायाला ‘गॅम्बलिंग’चा बदलौकिक नको होता. नेवाडा राज्याने १९५५ मध्ये स्थापलेल्या नियंत्रक मंडळाच्या नावात ‘गेमिंग’ आहे. सतराव्या शतकात जुगार सुचवणारा शब्द विसाव्या शतकात जुगार झाकण्यासाठी वापरला गेला. गोव्यानेही सौम्य शब्दांचीच वाट धरली. तिथल्या १९७६ च्या सार्वजनिक जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत ‘करमणुकीची’ इलेक्ट्रॉनिक व स्लॉट यंत्रे आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ यांना मुभा देण्यात आली. मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनो जहाजे ही त्याची फळे. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.

दरम्यान १९७२ मध्ये आलेल्या ‘पाँग’पासून व्हिडिओ गेमचा धंदा फोफावला आणि त्याने ‘गेमिंग’ व ‘गेमर’ हे शब्द पोरांच्या बाजूने ओढले. मोबाइल आल्यावर हे दोन अर्थ एकाच पडद्यावर आले. रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघांचे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्या स्वतःला गेमिंग उद्योग म्हणवत आणि न्यायालयात कौशल्याचा जुना मुद्दा मांडत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना त्याने उत्तेजन दिले. पैसे लावून अधिक पैसे जिंकण्याची आशा असेल तो ‘ऑनलाइन मनी गेम’, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, आणि त्याला बंदी. १८४५ पासून चालत आलेला भेद अशा रीतीने पडद्यापुरता पुसला गेला. गावाबाहेरच्या शेडमध्ये प्रत्यक्ष पानांचा डाव मांडून बसलेल्यांवर धाड पडते, तेव्हा महाराष्ट्रात पोलिस अजून १८८७ चाच कायदा लावतात.